पत्र्यातलं साणं

छपराला भोक पाडायला मन सहजासहजी तयार होत नाही. आपला माणूस आयुष्यभर छपराची भोकं बुजवतच आलेला असतो. कौल सरकलं की ते नीट बसव, पत्र्याच्या खिळ्याशी गळायला लागलं की डांबर लाव, माळवदाला भेग दिसली की मातीचा हात फिरव. आणि मी त्या सकाळी शिडीवर चढले होते ती एका धडधाकट, थेंबभरही न गळणाऱ्या छपराला चौदा इंच लांब आणि चौदा इंच रुंद खिंडार पाडायला. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या चिकटपट्टीनं चौकोन आखला होता. मापून तीनदा झालं होतं. हातातली जिगसॉ उगाच जड वाटत होती.

खाली शिडी धरून अण्णा, माझे वडील, उभे होते.

"मापलंस तेवढं पुरे," ते म्हणाले. "आता चारी कोपऱ्यांना ड्रिल मार. पातं शिरायला आधी वाट लागते."

ऑरेगनमधल्या हिल्सबरोची ही जुलैतली सकाळ. पोर्टलंडच्या पश्चिमेचं हे गाव हिवाळाभर भिजत असतं. आभाळ इतकं खाली वाकून बसतं की भर दुपारी दिवे लावावे लागतात. जुलै-ऑगस्ट मात्र कोरडे ठणठणीत. छपराची कामं आपल्याकडं उन्हाळ्यात उरकतात, तशी इथंही उन्हाळ्यातच. फरक एवढाच की आपला उन्हाळा मृगाला संपतो आणि इथला दसऱ्याच्या आसपास.

गाडी जुनी, रॅम प्रोमास्टर. फियाट डुकाटोचं हे अमेरिकेतलं भावंड. युरोपात या डुकाटोच्या सांगाड्यावर कितीतरी फिरती घरं उभी राहिली आहेत. आमची गाडी आधी कुठल्याशा दुकानाचा माल पोहोचवायची, त्यामुळं आत नुसता पत्र्याचा डबा होता. मी आणि माझ्या नवऱ्यानं दोन हिवाळे खपून त्यात पलंग, हातभर ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी असा संसार मांडला. छताला तेवढा हात लावला नव्हता. धीरच झाला नव्हता.

तो धीर मार्चमधल्या एका रात्रीनं दिला. केप लुकआउटला समुद्राकाठी मुक्काम होता. बाहेर पावसाची झोड, म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, शेगडीवर खिचडी टाकली, वर दोनदा चहा केला आणि उबेत झोपलो. पहाटे कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. टॉर्च लावून बघितलं तर छताचा सगळा पत्रा आतून थेंबांनी भरलेला. एकाला एक लागून मोठे होत होते आणि टपकत होते. गादी उचलली, ती खालून ओली. मी बाहेर जाऊन भर पावसात गाडीचा सांधा न् सांधा चाचपला. गळती कुठंच नव्हती. पाऊस बाहेरच होता. आत पडत होता तो आमचाच श्वास.

झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत जातं. आम्ही दोघं. त्यात खिचडीची वाफ, आणि त्यात ती शेगडी. प्रोपेन जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी होतो. हिशेब मांडला तर एक किलो प्रोपेन जळल्यावर एक किलो सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी तयार होतं. जाळलं त्याच्या दीडपटीहून अधिक! दहावी-बारावीत हे समीकरण मी कितीदा सोडवलं असेल, त्याचे गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ कपाळावर टपकायला पंचवीस वर्षं जावी लागली. हे सगळं पाणी उबदार हवेत निमूट बसून राहतं आणि थंड पत्रा भेटला की त्याला बिलगतं. मग गंज, मग बुरशी, मग गादीला येणारा तो कोंदट वास. शिवाय शेगडीतून निघणारा न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड; त्याचा अलार्म आम्ही पहिल्या दिवसापासून लावलेला होता. पण अलार्म धोका सांगतो, हवा बदलत नाही.

मे महिन्यात अण्णा आले, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. वीज मंडळात लाइनमन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, बहुतेक सगळा बार्शीच्या आसपास. त्यांना मी गाडी दाखवली. कौतुकानं पलंग दाखवला, ओटा दाखवला. ते आत शिरले, तळहात वर करून छताला टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "साणं ठेवलं न्हाईस होय गं घराला?"

हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

ज्यांनी माळवदाची घरं पाहिली नाहीत त्यांना सांगते. सोलापूर, धाराशिव, लातूर या आमच्या कमी पावसाच्या पट्ट्यात घराला कौलं नसत. जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर मातीचे थर. हे माळवद. वरून सपाट. त्यावर वाळवणं घालायची, रात्री गोधड्या टाकून झोपायचं. भिंतींना खिडक्या कमी, असल्या तर हातभर. मग उजेड आणि वारा यायचा कुठून? वरून. माळवदातच एक चौकोनी भोक ठेवलेलं असायचं, स्वयंपाकघरावर तर हमखास. तेच साणं. पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन त्यावर फरशी सरकवायचं. भोवतीनं वीतभर उंच कड घातलेली असायची, म्हणजे माळवदावरचं पाणी आत उतरत नसे.

आमच्या घरातलं साणं चुलीच्या थोडं अलीकडं होतं. त्यातून उन्हाचा एक खांब खाली यायचा. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवरच्या फडताळावर असायचा, तिथून उतरत उतरत जात्याच्या पाळीवर, आणि मग सारवलेल्या जमिनीवरून पूर्वेकडं सरकत दुपार कलता कलता रांजणाला जाऊन भिडायचा. आजीला घड्याळ कळत नव्हतं. ऊन जात्यावर आलं की भाकरी थापायला बसायची. त्या उन्हात चुलीचा धूर निळा दिसायचा, वळत वळत वर जायचा आणि साण्याच्या तोंडाशी आला की एकदम धावायचा, शाळा सुटल्यासारखा. मी पाटावर बसून ते बघत राहायची. चूल पेटवताना आजी परड्याकडचं दार बोटभर उघडं ठेवायची. थंडीतसुद्धा. मला वाटायचं, मांजरासाठी.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं गाढ झोपली होती. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली. जवळपास दहा हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी दगडामातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन. आमचं घर किल्लारीपासून लांब, ते पडलं नाही. पण भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि आजीच्या मनालाही गेली. ती पुढं कितीतरी रात्री अंगणात झोपली. ज्या छताखाली तिची चार बाळंतपणं झाली, त्या छताची तिला भीती वाटायला लागली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. आमच्या गावात बऱ्याच घरांनी तेच केलं. तेव्हा तेच बरोबर होतं, आजही मी तेच म्हणेन. मातीचं ओझं डोक्यावर घेऊन झोपायला कुणाला सांगायचं?

पण पत्रे टाकताना साणं ठेवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. धूर वर जायचा, पत्र्याला थटायचा आणि परत खाली यायचा, आजीच्या डोळ्यांत. "घराचं नाक चोंदलंय बघ," ती म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची. पत्रे आतून काळे पडले. तिचा खोकला वाढला. अण्णा दर खेपेला सांगायचे, "आई, पुढच्या सुट्टीत पत्र्याला भोक पाडून वर टोपी बसवून देतो." लाइनमनला सुट्टी कुठली? वळीव आला की तारा तुटणार, पाऊस आला की डीपी उडणार, सणाच्या दिवशी तर हमखास. २००१ साली आजी गेली. घरात गॅस आला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

तर जुलैतली ती सकाळ, गाडीच्या छतात पंख्याचं साणं बसवायची. कोपऱ्याचं पहिलं भोक पडलं आणि पत्र्यातून उजेडाची एक काडी गाडीत उतरली. मी वरून डोळा लावून बघितलं. आत पसरलेल्या जुन्या चादरीवर नाण्याएवढं ऊन पडलं होतं. मग जिगसॉ. तिच्या तळाला टेप लावला होता, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात. पातं बारीक दातांचं, पत्र्यासाठीचं. आवाज असा की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. शेवटची बाजू कापताना अण्णांनी आत जाऊन खालून दोन्ही हातांनी तुकडा पेलून धरला. तो निखळला तेव्हा एकदम शांत झालं, आणि त्या चौकोनातून अण्णांचा चेहरा वर बघताना दिसला. उन्हानं डोळे बारीक केलेले.

कापण्यापेक्षा त्यानंतरचं काम नाजूक असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कापताना उडालेला लोखंडाचा कीस छतावर राहिला तर एका दवात त्याचे तांबूस ठिपके होतात आणि ते रंगाला खात जातात. आम्ही लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या छतावरून फिरवला. कापलेल्या कडा कानशीनं घासल्या, त्यांना प्रायमर दिला, वाळू दिला, मग रंगाचे दोन हात. उघडी कड म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. घाई करण्यासारखी ही जागा नव्हे. पंख्याची चौकट त्या दिवशी आम्ही बसवलीच नाही. रात्रभर भोकावर ताडपत्री बांधून ठेवली आणि मी चार वेळा उठून खिडकीतून बघून आले.

चौकट दुसऱ्या दिवशी बसली. छताला वळ्या असतात, त्यामुळं आधी त्या वळ्यांवर बेतलेलं एक बैठं कडं लागतं, म्हणजे वरची बाजू सपाट होते. कडं आणि पत्रा यांच्या मध्ये ब्युटिलची पट्टी, करडी, चिवट, हाताला सोडत नाही अशी. स्क्रू आवळत गेलं की ती बाजूंनी हळूहळू बाहेर येते, पुरणपोळी लाटताना कडेनं पुरण दिसावं तशी. स्क्रूंच्या माथ्यांवर आणि सांध्यांवर वरून एक घट्ट पांढरं सीलंट ओततात, ते आपणहून पसरतं आणि बारीक फटींत शिरून बसतं. अण्णा ते पसरताना वाकून बघत होते.

"चोपण माती," ते म्हणाले.

अगदी तेच. माळवदाचा सगळ्यात वरचा थर चोपण मातीचा. शेताला ती कुचकामी, कारण पाणी मुरूच देत नाही; पण त्याच अवगुणासाठी ती मुद्दाम गाड्या भरभरून आणायची. पाणी लागलं की फुगते आणि आपल्या भेगा आपणच मिटवते. दर वर्षी मृगाच्या आधी आजोबा माळवदावर तिचा नवा थर देत. साण्याची कड ते स्वतः लिंपत, गड्याला करू देत नसत.

पंखा मॅक्सफॅन नावाचा. त्याचं झाकण मागच्या बाजूला उघडतं, म्हणजे गाडी पळताना वारा झाकणाखाली शिरून ते उपसून टाकत नाही, आणि त्याला वरून अशी टोपी आहे की भर पावसातही तो चालू ठेवता येतो. इथं बहुतेक छतांवरच्या पंख्यांना भोक चौदा इंचांचंच लागतं. एक गेला तर दुसरा त्याच जागी बसतो. ही शिस्त मला फार आवडली.

वायरिंग अण्णांचं. मी हाताखाली. सुरुवातीला त्यांना बारा व्होल्टचं अप्रूप नव्हतं. "हे तर ट्रॅक्टरच्या दिव्याचं काम," म्हणाले. "हात लावला तरी मुंगी चावायची न्हाई." तरीही बॅटरीजवळ जाण्याआधी त्यांनी बोटातली चांदीची अंगठी काढून खिशात टाकली. बॅटरी झटका देत नाही, पण तिच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला तर क्षणात शेकडो अँपिअर धावतात आणि तो धातू लाल होतो. बोटात असला तर बोटासकट.

मग त्यांनी हिशेब मांडायला लावला. पंखा पूर्ण वेगात तीन अँपिअरच्या आत घेतो. घरातल्या २३० व्होल्टला हेच काम एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शात झालं असतं. व्होल्ट कमी म्हणजे अँपिअर जास्त, आणि अँपिअर जास्त म्हणजे तार जाड. फ्यूजबॉक्सपासून पंख्यापर्यंत पाच मीटर जायला, पाच मीटर यायला. इथल्या चौदा गेजच्या तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरात पाव व्होल्ट जातो. वीस गेजची बारीक तार घातली असती तर एक अख्खा व्होल्ट वाटेतच संपला असता, बारातला एक. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे इथल्या नवख्यांना उलटं वाटतं, अण्णांना नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्याकडंही 'तीन बावीस', 'एक अठरा' अशाच तारा मिळत. मोजपट्टी वेगळी, रीत तीच.

"लाइनच्या टोकाला ज्याची विहीर, त्याची मोटर का जळते, कळलं का आता?" ते म्हणाले. "त्याच्यापर्यंत पोहोचेस्तवर व्होल्टेज उरतच न्हाई. लोकं मोटरवाल्याला शिव्या घालतात."

तार अनेक पदरी घेतली, कारण एकपदरी तार गाडीच्या हादऱ्यांनी मोडते. पत्र्याच्या फासळीतून ती नेली तिथं रबरी बुशी बसवली. पत्र्याची धार हळूहळू वायर खाते आणि खाल्लेलं कळत नाही. जोड क्रिंप केले, नुसते पिळून टेप मारलेले अण्णांना चालत नाहीत. प्रत्येक जोड ओढून बघितला. पाच अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या बाजूला, पंख्याच्या बाजूला नव्हे. मी विचारलं, पंख्याजवळ असता तर बदलायला सोपा नाही का?

"फ्यूज पंख्यासाठी नसतो," ते म्हणाले. "वायरसाठी असतो. वाटेत कुठंबी वायर पत्र्याला टेकली, तर आग तिथं लागते. फ्यूज तिच्या आधी पाहिजे."

आणि पंख्याच्या तारा जोडायला मी हात घालणार, तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "परमिट घेतलंस?"

खांबावर चढण्याआधी लाइन बंद केल्याचं परमिट घ्यायचं, आणि जमेल तिथं फ्यूजची ग्रिप काढून आपल्याच खिशात ठेवायची, म्हणजे खालून कुणी चुकून लाइन चालू करणार नाही. ज्यांनी एखाद्या दिवशी हे केलं नाही, असे त्यांचे दोन सोबती आमच्या घरातल्या जुन्या फोटोत आहेत. मी मुकाट्यानं गेले, पाच अँपिअरचा तो नखाएवढा फ्यूज उपसला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला, वर हात ठेवला आणि मान हलवली. बारा व्होल्टसाठी. मला तेव्हा हसू आलं नाही.

संध्याकाळी पंखा चालू केला. अण्णांनी देवाजवळची उदबत्ती आणून ओट्यावर लावली. दारं-खिडक्या बंद. पंखा गुणगुणत होता, पण धूर गोंधळलेला. थोडा वर जायचा, थोडा पलंगाकडं रेंगाळायचा. मी वेग वाढवला. आवाज वाढला, धूर तसाच. अण्णा पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच बोटभर खाली केली.

उदबत्तीची रेघ वळलीच. सरळ वर, साण्याच्या तोंडाशी गेली आणि पळाली.

हवा बाहेर घालवायची तर आधी तिला आत येऊ द्यावं लागतं. परड्याकडचं ते बोटभर उघडं दार मांजरासाठी नव्हतं.

अण्णा धुराकडं बघत राहिले. उदबत्ती अर्ध्याहून खाली आली तेव्हा म्हणाले, "आईला करून द्यायचं राहिलं." मी काही बोलले नाही. त्यांच्या हाताला पत्र्याचा बारीक कीस लागून दोन ठिकाणी रक्त आलं होतं, ते मी पुसलं.

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही तिघं मुद्दाम अंगणात उभ्या गाडीत जाऊन झोपलो. पुढची काच बोटभर उघडी, पंखा सगळ्यात मंद वेगावर. रात्रभर चालून शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीतलं त्यानं जेमतेम नखभर खाल्लं. पहाटे अण्णांनीच आधी उठून छतावर तळहात फिरवला. कोरडा होता. नोव्हेंबरात ते परत गेले, आणि जाताना सांगून गेले की वरचं सीलंट उन्हानं तडकतं, दर वर्षी पावसाच्या आधी बघत जा.

मी बघते. सप्टेंबरात एका रविवारी शिडी लावते, कड पुसून घेते, जिथं केसाएवढी चीर दिसेल तिथं नवा हात देते. कड मी स्वतः लिंपते, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. यंदाचं काम दुसऱ्या रविवारी झालं.